समुद्राचं नियोजन

बकारामजी कापगत्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. एवढा भला माणूस सडक अर्जुनी तालुक्यात दुसरा नसेल, असं त्यांच्याकडे कधी काही मागायला न गेलेले लोक सांगतात. जे मागायला गेले, त्यांचा अनुभव थोडा निराळा आहे. बकारामजी समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतात, मान डोलवतात आणि म्हणतात, “करू ना. पहिले नियोजन करू.” मग खुंटीवरच्या पिशवीतून गावच्या पाणीवाटप समितीचं जाड रजिस्टर निघतं, मागच्या बाजूच्या कोऱ्या पानावर तारीख पडते, आणि ती मागणी तिथं सुखानं म्हातारी होते.

थोरल्या मुलाची मोटारसायकल अशीच गेली. नियोजन पुरं व्हायच्या आत त्याला नोकरी लागली आणि त्यानं ती स्वतःच घेतली. ग्रामपंचायतीला त्यांच्या बांधावरून रस्ता पाहिजे होता. तीन सरपंच बदलले, नियोजन चालू आहे. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंना तिरुपतीला जायचं होतं, त्यालाही अकरा वर्षं झाली. मध्ये एकदा बाईंनी विचारलं होतं, की आता बालाजीच इकडं यायचा आहे काय. बकारामजींनी तोही पर्याय लिहून घेतला.

ही पद्धत त्यांनी कोणाला फसवायला काढलेली नव्हती. घराणं कोहळी, म्हणजे तळी बांधणाऱ्या समाजाचं. गावचं तळं त्यांच्या खापरपणजोबांनी बांधलेलं. तळ्याचं पाणी सोडायचं तर आधी काठाची मातीची पाळ पाहावी लागते, मग सांडवा, मग खालच्या धानाच्या बांध्या, मग चार जण बसवून कोणाची पाळी पहिली ते ठरवावं लागतं. आणि तेवढ्यात पाऊस आला तर पाणी सोडायची गरजच उरत नाही. जगातली बरीचशी कामं अशी थांबल्यानंच मिटतात, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

या अनुभवाला धक्का लागला तो धाकट्या मुलीमुळं, डिसेंबरात.

पुष्पांजली सव्वीस वर्षांची, नागझिऱ्याला गाईड. रोज पहाटे स्कूटीनं गेटवर जायचं आणि जिप्सीत पुढं बसून पाहुण्यांना जंगल दाखवायचं. या धंद्यात वाघ दिसला तर नाव वाघाचं होतं आणि नाही दिसला तर गाईडचं. नोव्हेंबरात पाँडिचेरीच्या एक मॅडम आल्या. तीन दिवस, सहा फेऱ्या, वाघाचं शेपूटही नाही. मग पुष्पांजलीनं त्यांना अस्वलानं ओरबाडलेली झाडं दाखवली, मुंग्यांनी पानं शिवून केलेली घरं दाखवली, सांबर ओरडलं की कोणत्या दिशेला कान करायचे ते शिकवलं. जाताना मॅडम म्हणाल्या, तू मला तुझं जंगल दाखवलंस, आता तू माझ्या पाण्यावर ये.

हे पाणी म्हणजे अंदमानच्या बेटांच्या रांगेतलं, अगदी खालच्या अंगाचं. पोर्ट ब्लेअरला उतरून आणखी एक जहाज करावं लागतं, इतकं लांब. तिथं मॅडम मार्च-एप्रिलात लोकांना सर्फिंग शिकवत. राहणं-खाणं त्यांच्याकडे, तीन आठवडे. पुष्पांजलीनं बापासमोर मोबाईल धरला आणि त्यांचा व्हिडिओ लावला.

बकारामजींनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला. निळं पाणी घराच्या आढ्याएवढं उभं राहत होतं, वरून वाकत होतं आणि फुटत होतं. ज्या घरात पाच पिढ्या पाळ फुटू नये म्हणून देवाला नवस बोलल्या, त्या घरातल्या माणसाला हे पाहणं सोपं नव्हतं. त्यात एक पोरगी फळीवर उभी राहून त्या फुटक्या पाण्यातून हसत हसत येत होती.

“हे पानी कोनाच्या ताब्यात आहे?” त्यांनी विचारलं.

“कोनाच्याच नाही, बाबा. समुद्र आहे तो.”

“म्हनूनच फुटून राहिलं,” असं म्हणून बकारामजींनी खुंटीवरची पिशवी काढली. “जाऊ ना. पहिले नियोजन करू.”

आता इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण ती बकारामजींनी रजिस्टरात कुठंच लिहिलेली नाही. पोरगी बुडेल अशी त्यांना भीती नव्हती. ती सात वर्षांची असल्यापासून तळ्याच्या या काठाहून त्या काठाला पोहत होती, आणि हाक मारली तर तिसऱ्याच काठाला निघत होती. त्यांना भीती होती ती तिला तिथलं आवडेल याची. थोरला पुण्याला गेला तोही आधी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगलाच गेला होता. त्याला तिथलं आवडलं. आता तो दिवाळीत येतो आणि पाळीवर उभा राहून तळ्याचे फोटो काढतो, पाहुण्यासारखे. तळ्याचं पाणी कोणत्या बांधीत किती वेळात चढतं हे घरात आता दोघांनाच, बापाला आणि धाकटीला, ठाऊक उरलं होतं, आणि त्यातला एक जण त्रेसष्ट वर्षांचा होता.

तेव्हा नियोजन पक्कं करणं भाग होतं.

पहिल्या पानावर हंगाम आला. लाटा मार्च-एप्रिलच्या, आणि नागझिऱ्याला पाहुण्यांची गर्दीही त्याच दिवसांची. पावसाळ्यात जंगल बंद, गाईड मोकळे. पण तेव्हा समुद्र कोणाला उभं करत नाही. जंगल बंद तेव्हा समुद्र बंद, समुद्र चालू तेव्हा जंगल चालू. निसर्ग आपल्याच समितीत आहे असं बकारामजींना वाटलं. त्यांनी ‘हंगामाची अडचण’ असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आठ दिवसांनी पुष्पांजली सांगत आली, की शामकला म्हणून तिच्या जोडीची एक गाईड आहे, तिला मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी पाहिजे. तेव्हा मार्च-एप्रिलात पुष्पांजलीच्या पाळ्या ती करेल आणि मे महिन्यात तिच्या पाळ्या पुष्पांजली. रेंजर साहेबांची सहीही झाली होती. बकारामजींनी सही उजेडात धरून पाहिली. खरी होती. अडचणीपुढं ‘मिटली’ असं लिहावं लागलं. हा शब्द रजिस्टरच्या त्या बाजूला पहिल्यांदाच उमटत होता.

दुसरं पान मॅडमचं. अनोळखी माणसाकडं पोरगी पाठवायची तर घरदार पाहावं लागतं, आणि घरदार पाहायची एकच रीत बकारामजींना माहीत होती, ती सोयरिकीची. त्यांनी सोळा प्रश्न काढले. वडील काय करतात, भाऊ किती, शेती कोणत्या पाण्याखाली आहे, घरात कोणाला कोणती बिमारी आहे. स्वाभिमान असलेली कोणतीही बाई हे वाचून संबंध तोडेल असा त्यांचा हिशेब होता. मॅडमनी दोन तासांत सोळाच्या सोळा उत्तरं हिंदीतून बोलून पाठवली. वडील बंदरावर होते, भाऊ दोन, शेती नाही, आजोबांना दमा. शेवटी त्यांनी उलट विचारलं की आपकी तरफ पानी कैसा है. पाण्याचं विचारल्यावर बकारामजींना गप्प बसवेना. त्यांनी तेरा मिनिटं उत्तर दिलं. नंतर त्यांना सोयरीक जुळल्यासारखं वाटलं आणि दिवसभर चैन पडलं नाही.

तिसऱ्या पानावर मात्र त्यांनी हुकमाचं पान टाकलं. तिकिटांचं काम त्यांनी श्यामलालवर सोपवलं.

श्यामलाल म्हणजे सुलोचनाबाईंचा भाऊ. कुडव्याला त्याचं मोबाईल रिचार्जचं आणि रेल्वेच्या तिकिटांचं दुकान. श्यामलालवर सोपवलेलं काम सुरक्षित राहत असे, कारण ते होत नसे. तिरुपतीचं तिकीट अकरा वर्षं त्याच्याकडंच होतं, आणि दर दिवाळीला तो “जिजाजी, टेन्शन मत लो” असं सांगून फराळ करून जात असे. या खेपेला बकारामजींनी काम आणखी जड केलं. चेन्नईपर्यंत रेल्वे, आणि पुढं विमान नाही, जहाज. पाण्यावर जायचं तर पाण्यानंच जावं, असं त्यांनी बाहेर सांगितलं. आतली गोष्ट अशी, की जहाजाच्या तारखा आधी नक्की सांगत नाहीत असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. ज्याच्या तारखाच नक्की नाहीत अशा वाहनाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली.

एका रविवारी पुष्पांजली कुडव्याला गेली आणि मामाच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टूल टाकून बसली. ती भांडली नाही, काही बोललीही नाही. ज्या पोरीला नोकरीत चार-चार तास पाणवठ्यावर न हलता बसायची सवय आहे तिच्यापुढं श्यामलाल किती टिकणार. तिसऱ्या तासाला गिऱ्हाइकं तिलाच रिचार्ज मागायला लागली. चौथ्या तासाला श्यामलालनं रेल्वेचं तिकीट काढलं, आणि जहाजाच्या तारखा त्याच आठवड्यात लागल्या होत्या, त्याही शोधून काढल्या. हे कळल्यावर सुलोचनाबाईंनी भावाला फोन केला. गाडी चेन्नईला जाते म्हणजे बालाजीच्या अंगणातूनच जाते. पोरगीला जहाजावर बसवून द्यायला कोणी तरी मोठं माणूस पाहिजे, आणि येताना ते माणूस रिकाम्या हातानं का यावं. तेव्हा सुलोचनाबाई आणि श्यामलालची बायको पुष्पाबाई, अशी आणखी दोन तिकिटं त्याच गाडीची निघाली.

“अजी, तुमच्याच नियोजनात बसवलं,” असं बाई म्हणाल्या. बकारामजींनी त्या पानावर दोनदा ‘मिटली’ लिहिलं, एकदा आजच्या तारखेनं आणि एकदा अकरा वर्षांपूर्वीच्या.

उरलं होतं एकच पान.

फेब्रुवारी लागला होता. उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी बांध्या चिखल करून ठेवल्या होत्या. बकारामजी बांधावर उभे राहून पुष्पांजलीला म्हणाले, की तिकीट झालं, घरदार झालं, पण सरावाचं काय? बिनासरावाची पोरगी पाठवली तर तिथले लोक आपल्याला काय म्हणतील. फळीवर उभं राहता तर आलं पाहिजे. आणि इथं ना फळी, ना लाट.

पुष्पांजलीनं बांधीकडं बोट दाखवलं. “पाटा आहे ना, बाबा.”

पाटा म्हणजे जाड, लांब लाकडी फळी. रोवणीच्या आधी चिखल सारखा करायला ती बैलांमागं बांधीतून ओढतात, आणि वजन पडावं म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो. खाली गुडघाभर चिखल सरकत असतो, पुढं बैलांच्या मनात काय आहे ते बैलांनाच माहीत असतं, हातात फक्त कासरा. हल्ली सगळीकडं ट्रॅक्टर झाले. पण तळ्याखालच्या बांध्यांत ट्रॅक्टर रुततो, म्हणून बकारामजींनी एक जोडी ठेवली होती. चार गावांत त्यांच्यासारखा पाट्यावर उभा राहणारा नव्हता, असं त्यांचं मत होतं. तेच मत बाकीच्या तीन गावांचंही असल्यानं त्यात घमेंडीचा प्रश्न येत नव्हता.

त्यांनी लगेच कबूल केलं. पाट्यावर पोरगी कधी उभी राहिलेली नव्हती. ते काम घरात त्यांचंच होतं. दोन-चारदा पडली की पानावर ‘सराव अपुरा’ असं लिहायचं आणि पुढच्या वर्षी पाहायचं. पेन त्यांनी खिशाला लावून ठेवलं.

पुष्पांजली पाट्यावर चढली, बैल हलले, आणि तिसऱ्या पावलाला ती पाठीवर चिखलात होती. बकारामजींना बरं वाटलं. दुसऱ्यांदा ती पाचव्या पावलाला पडली. रोवणीला आलेल्या बाया बांधावरून हसल्या. सुलोचनाबाई मोबाईलवर चित्रण करत होत्या आणि मधूनमधून मोबाईल उलटा आहे काय ते विचारत होत्या. तिसऱ्यांदा पोरगी तोंडावर पडली आणि उठून, डोळ्यांतला चिखल पुसून, पुन्हा चढली.

बकारामजींनी पेन काढलं. आणि इथं घात झाला. त्यांची नजर तिच्या पायांकडं गेली. तिनं दोन्ही पाय जोडून, शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसे ठेवले होते.

माणसाला आपलं हित कशात आहे ते बरोबर कळतं. पण ज्या कामात हयात गेली त्या कामात कोणी चुकीचा पाय टाकला की ते पाहवत नाही. बकारामजींनी मिनिटभर दम धरला. मग त्यांनी रजिस्टर बांधावर ठेवलं, पायजमा वर खोचला आणि चिखलात उतरले.

“सरक. असं उभं राह्यते काय कोनी? एक पाय मागं टाक. आडवा. गुडघे मोड, अजून मोड. भार मागच्यावर. पायाकडं काऊन पाहून राहिली? जायचं तिकडं पाह्य.”

आणि स्वतःच चढले. कासरा धरला, बैलांना एकच आवाज दिला आणि त्रेसष्टाव्या वर्षी अख्ख्या बांधीला दोन फेऱ्या मारल्या. वळणावर पाटा तिरका झाला तेव्हा कमरेत नुसता एक हेलकावा दिला, जसं काही कोणी हाक मारली म्हणून वळून पाहिलं. बाया हसायच्या थांबल्या. त्यानंतर तीन दिवस दुसरं काही झालंच नाही. सकाळी पोरगी पाट्यावर आणि बाप बांधावर, हातवारे करत, ओरडत, मध्येच धावत. तिसऱ्या दिवशी ती या बांधापासून त्या बांधापर्यंत न पडता गेली, वळली आणि परत आली. बकारामजींच्या तोंडून “हां, आता कशी” असं निघून गेलं आणि ते त्यांनी स्वतःच ऐकलं.

सुलोचनाबाईंनी चित्रण मॅडमना पाठवलं. बापाच्या दोन फेऱ्याही त्यात गेल्या. मॅडमचं उत्तर आलं, की पोरगीचं अर्धं शिक्षण झालेलं आहे, आणि हे जे पायजमावाले सर आहेत, ते कुठं शिकवतात?

बकारामजींनी तो निरोप तीनदा वाचून घेतला. दुपारी जेवताना पुन्हा एकदा वाचायला लावला. ‘सर’ हा शब्द त्यांना कोणी लावला नव्हता. हात धुताना त्यांच्या ध्यानात आलं, की चौथं पानही मिटलं आणि ते आपणच मिटवलं.

ते अंगणात खाटेवर येऊन बसले. रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून पाहिलं. कुठं फट राहिली आहे काय, पाळीवरून फिरताना पाहावी तशी पाहिली. राहिली नव्हती. आयुष्यातलं पहिलं पूर्ण झालेलं नियोजन त्यांच्या मांडीवर होतं आणि त्याचं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. पुष्पांजली चहा घेऊन आली आणि खाटेच्या काठावर बसली. पलीकडं सुलोचनाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

“आता काई राहिलं काय, बाबा?”

त्यांनी मान हलवली. मग नाही म्हणून पाहावं असा विचार त्यांच्या मनात आला. पण हा शब्द वापरायची सवय नव्हती. तो ओठांपर्यंत आला आणि तिथं अनोळखी माणसासारखा उभा राहिला. हो म्हणायचीही सवय नव्हती, कारण ‘करू ना’ म्हणजे हो नव्हे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात श्यामलालचा फोन आला. काम करायची गोडी लागलेल्या माणसाच्या आवाजात तो विचारत होता, जिजाजी, वापसी की तारीख बोलो, जहाजाच्या परतीच्या दोन तारखा लागल्यात, पहिली की दुसरी? बकारामजींच्या जिभेवर ‘पहिली’ आलंच होतं. त्यांनी फोन कानापासून खाली घेतला आणि पोरगीकडं पाहिलं.

“तुले तिथं आवडलं तं?”

सुपाचा आवाज थांबला. पुष्पांजलीला सहज म्हणता आलं असतं, की छे, मला कशाला आवडतंय. तिनं तसं म्हटलं नाही.

“आवडलं तं सांगीन. फोनवर नाही सांगनार. इथं येऊन, तुमच्या तोंडावर सांगीन.”

 बकारामजींनी फोन तिच्या हातात दिला. “वापसीची तारीख तू सांग त्याले. मले नको विचारू.” आणि चहाचा कप उचलून, कपाकडंच पाहत, म्हणाले, “जा.”

“काय म्हनलं जी?” सुलोचनाबाईंनी विचारलं. छत्तीस वर्षांच्या संसारात कोणाच्या मागणीला नवऱ्याच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

“जा म्हनलं.”

दुसऱ्यांदा ते जरा सोपं गेलं. सोपं म्हणजे, निघालं.

पुष्पांजलीनं फोनवर मामाला सांगितलं, की परतीचं मी तिथं पोहोचून कळवीन. काम पुढं ढकललं गेल्यावर श्यामलालला जुन्या ओळखीचं काही भेटल्यासारखं झालं आणि त्यानं टेन्शन मत लो असं सांगून फोन ठेवला. बकारामजींनी रजिस्टर पिशवीत घातलं, पिशवी खुंटीला लावली, दाराआडचं फावडं घेतलं आणि बांध्यांकडं निघाले. गाडीला अजून चाळीस दिवस होते आणि आज पाण्याची पाळी त्यांची होती. पुष्पांजली उरलेला चहा तसाच ठेवून मागं निघाली.

“तिसऱ्या बांधीत पानी चढून नाही राहिलं, बाबा,” चालता चालता ती म्हणाली. “तिकडच्या कोपऱ्यात खेकड्यानं भोक पाडलं.”

“माहीत आहे मले,” बकारामजी म्हणाले.

त्यांना माहीत नव्हतं. पण कोपरा कोणता, ते विचारावं लागू नये म्हणून त्यांनी पावलं हळू केली आणि पोरगीला पुढं होऊ दिलं.